माध्यम बदललं की वाचन सुधारतं का?

पिंपरी-भोसरीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात पालक शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात. पोरगा तोंडी सगळं सांगतो, एकदा ऐकलेली गोष्ट विसरत नाही, बिघडलेला पंखा उघडून पुन्हा जोडतो. पण पुस्तकातली एक ओळ वाच म्हटलं की त्याला घाम फुटतो. त्याला इंग्रजी माध्यमातून काढून मराठीत घातलं तर जमेल का? सेमी-इंग्रजीचं काय? प्रश्न रास्त आहे, कारण त्यामागे फीचे पैसे आहेत आणि मुलाची दहा-बारा वर्षं आहेत. थोडक्यात उत्तर असं की माध्यम बदलल्याने ओझं थोडं हलकं होऊ शकतं, मूळ अडचण मात्र तशीच राहते. ती अडचण काय आहे, मराठीत ती कशी दिसते आणि शाळेने, कायद्याने, घराने तिच्याबाबत काय करायचं, ते या प्रकरणात टप्प्याटप्प्याने पाहू.

१. वाचन कुणालाच उपजत येत नाही

बोलणं शिकवावं लागत नाही. घरात चार माणसं बोलत असली की मूल बोलू लागतं. वाचनाचं तसं नाही. माणूस बोलतो आहे लाखभर वर्षं तरी. लिहितो आहे जेमतेम पाच हजार वर्षं. इतक्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा तयार होणं शक्य नव्हतं. म्हणून वाचायला शिकताना प्रत्येक मेंदूला डोळ्यांनी दिसणाऱ्या आकारांचा भाग आणि कानांनी ऐकलेल्या ध्वनींचा भाग एकमेकांना नव्याने जोडावे लागतात. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून शास्त्रज्ञांनी त्यांच्या मेंदूचे आधीचे आणि नंतरचे स्कॅन ताडून पाहिले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की तेवढ्या काळातही मेंदूतल्या जोडण्या बदलल्या होत्या, अगदी खोलवरच्या भागांतल्यासुद्धा. म्हणजे वाचन हे कमावलेलं कसब आहे, आणि कसब म्हटलं की ते कुणाला पटकन येतं, कुणाला उशिरा येतं, कुणाला खास शिकवल्याशिवाय येत नाही.

ज्या मुलांमध्ये आकार आणि ध्वनी यांची ही जोडणी फार सावकाश आणि कच्ची होते, त्यांच्या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. हाताने लिहिताना येणारी अशीच अडचण म्हणजे डिसग्राफिया, आकडे आणि गणनेतली अडचण म्हणजे डिसकॅल्क्युलिया. या सगळ्यांना मिळून विशिष्ट अध्ययन अक्षमता असं नाव आहे. त्यातला ‘विशिष्ट’ हा शब्द महत्त्वाचा, कारण अडचण एका ठरावीक कामापुरती असते आणि बाकीची बुद्धी शाबूत असते. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत लिहिली. मुलगा चुणचुणीत, खेळात पुढे, नजर उत्तम. पण साधे शब्दही वाचता येईनात. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वात हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत मॉर्गनने नोंदवलं आहे. सव्वाशे वर्षांनंतर आपल्याकडचे शिक्षकही याच शब्दांत बोलतात. बहुतेक अभ्यासांचा अंदाज शंभरातल्या पाच ते दहा मुलांचा आहे. चाळीसच्या वर्गात अशी दोन ते चार मुलं असणारच.

२. अडतं ते डोळ्यांत नाही

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला अक्षरं उलटी दिसतात, ही समजूत फार पसरली आहे. प्रत्यक्षात सहा-सात वर्षांपर्यंत बरीच मुलं अक्षरं आणि आकडे उलटे काढतात आणि पुढे आपोआप सुधारतात. गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा मोठा भाग दुसरीकडे बोट दाखवतो: बोललेल्या शब्दाचे सुटे ध्वनी कानाने वेगळे करण्यात ही मुलं अडतात. हे घरीही पाहता येतं. मुलाला तोंडी विचारा: ‘पाटी’तला ‘प’ काढून तिथे ‘व’ घातला तर कोणता शब्द होईल? ‘वाटी’. ‘कमळ’मधला पहिला आवाज काढला तर काय उरेल? ‘मळ’. इथे कागद नाही, अक्षर नाही, डोळ्यांचा काही संबंधच नाही. बहुतेक मुलांना पहिली-दुसरीत हा खेळ वाटतो. ज्याला तिसरीतही तो जमत नाही आणि जो वाचतानाही अडखळतो, त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं. एवढ्यावरून निदान होत नाही, पण तपासणी करून घ्यायला हे कारण पुरेसं आहे.

अडचण घराण्यात चालते. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर मुलाला ती असण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश ते निम्मी असते. त्यामुळे ‘मलाही शाळेत वाचता यायचं नाही, म्हणून तर आठवीतून कंपनीत लागलो’ असं एखादे वडील म्हणाले, तर ती तपासणाऱ्याच्या कामाची माहिती असते. आईने लाडावलं, टीव्ही जास्त पाहिला, अभ्यास घेतला नाही, या कारणांनी डिस्लेक्सिया होत नाही. त्यावर गोळी नाही. रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी तो जातो, याला पुरावा नाही. पुरावा आहे तो नीट, क्रमाने, ध्वनीपासून अक्षराकडे नेणाऱ्या शिकवण्याला. ब्रॅडली आणि ब्रायंट या इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी १९८३ साली दाखवलं की लहान मुलांना शब्दांतले आवाज ओळखण्याचा सराव दिला आणि सोबत सुटी अक्षरं हाताळायला दिली, तर त्यांचं पुढचं वाचन सुधारतं.

३. मराठीत अडचण कुठे लपते

आता मूळ प्रश्नाकडे. इंग्रजीत एकाच अक्षराचे चार उच्चार आणि एकाच उच्चाराची चार स्पेलिंगं. मराठी बव्हंशी लिहिली जाते तशी वाचली जाते. मग मराठीत अडचणच नको? याचं उत्तर २००१ साली इटली, फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या एका संयुक्त अभ्यासाने दिलं. इटालियनची लिपी सरळ आहे, इंग्रजी आणि फ्रेंचची वाकडी. डिस्लेक्सिया असलेले इटालियन विद्यार्थी इंग्रज आणि फ्रेंच विद्यार्थ्यांपेक्षा कमी चुकत होते. पण वाचताना मेंदूचा स्कॅन काढला तेव्हा तिन्ही देशांतल्या विद्यार्थ्यांमध्ये डाव्या बाजूचा तोच भाग मंद चालत होता. लिपी सरळ असली की चुका कमी होतात आणि अडचण वेगात उतरते. मूल वाचतं बरोबर, पण इतकं सावकाश की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरून जातं. मराठी माध्यमात डिस्लेक्सिया उशिरा लक्षात येतो तो यामुळेच. पोरगं ‘वाचतं की’ म्हणून शिक्षक पुढे सरकतात, आणि पाचवीत इतिहासाचा लांब धडा समोर आला की ते कोसळतं.

शिवाय देवनागरी वाटते तितकी सरळ नाही. चौतीस व्यंजनं आणि बारा स्वरचिन्हं धरली तरी बाराखडीतच चारशेहून जास्त आकृत्या होतात, आणि जोडाक्षरं वेगळीच. बेंगळुरूमध्ये कन्नड वाचणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की अक्षरांचा हा संच पक्का व्हायला चौथीपर्यंतचा काळ लागतो. कन्नडची घडण या बाबतीत आपल्यासारखीच आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चारात ती नंतर येते. ‘धर्म’मध्ये ‘र’चा आवाज ‘म’च्या आधी आहे, पण रफार बसतो ‘म’च्या डोक्यावर. ‘प्रार्थना’ या एका शब्दात ‘र’ दोन वेगळ्या रूपांत आणि दोन वेगळ्या जागी येतो. त्यामुळे ‘प्राथना’ किंवा ‘पार्थना’ लिहिणारं मूल निष्काळजी असेलच असं नाही, त्याने आवाज कानाने पकडला असतो आणि जागा चुकते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्या दिसायला जवळच्या. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आपण बोलताना फारसा पाळत नाही, पण लिहिताना तो पाळायचा असतो. म्हणून माध्यम निवडताना घरी बोलली जाणारी भाषा धरणं शहाणपणाचं आहे, कारण निदान शब्दांचे अर्थ तरी ओळखीचे असतात. एवढ्यावर डिस्लेक्सिया मिटेल ही आशा मात्र धरू नये.

४. तेवीस की बत्तीस?

गणितातली अडचण मराठीत आणखी एका वळणाने येते. २३ लिहिताना आधी २, मग ३. वाचताना ‘तेवीस’: आधी तीन, मग वीस. ‘बत्तीस’ ऐकून २३ लिहिणारं मूल ऐकलेल्या क्रमानेच लिहीत असतं. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २९. बहुतेक मुलं पाठांतराने हे पार करतात. आकड्यांची जाणच कच्ची असलेलं मूल इथे अडकतं आणि पुढची बेरीज-वजाबाकी त्याच्या हातून निसटते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’ असं सरळ संख्यावाचन आलं तेव्हा राज्यभर गदारोळ झाला, विधिमंडळातही थट्टा झाली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी बदलाची बाजू मांडली होती: मुलाला आकडा आधी कळू दे. तेवीस, बत्तीस हे शब्द मराठीचं धन आहेत आणि ते टिकायलाच हवेत. पण शिकण्याची पहिली पायरी सरळ ठेवून पुढच्या वर्षी जुने शब्द पक्के करून घेता येतात. त्यात भाषेचं नुकसान होत नाही आणि अडखळणाऱ्या मुलाचा पाय वाचतो.

५. परक्या भाषेचा गोंधळ तर नाही ना?

उद्योगनगरीत हा प्रश्न टाळता येत नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी, बजाज आणि टेल्को आले, पुढे चाकण वाढलं. त्यांच्यामागून मराठवाडा, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटकातून माणसं आली. घरी भोजपुरी, अहिराणी किंवा गोरमाटी बोलणारं मूल मराठी शाळेत पहिलं वर्षभर अडखळणारच. त्याला डिस्लेक्सियाचा शिक्का मारणं अन्याय आहे. ‘भाषा नवीन आहे, होईल हळूहळू’ म्हणत पाच वर्षं काढणं हाही अन्यायच. नव्या भाषेची अडचण आणि डिस्लेक्सिया वेगळे ओळखायची सोपी खूण अशी: भाषा नवी असलेलं मूल शब्दांच्या अर्थावर अडतं आणि वर्षा-दोन वर्षांत झपाट्याने सुधारतं. डिस्लेक्सिया असलेलं मूल स्वतःच्या भाषेतल्या शब्दांचे आवाजसुद्धा सुटे करू शकत नाही, आणि सगळा वर्ग पुढे गेला तरी ते तिथेच राहतं. यासाठी चाचणी आपल्या भाषांतली लागते. अमेरिकी किंवा इंग्रजी चाचणीचं भाषांतर चालत नाही, कारण भाषांतरात ध्वनींची घडण बदलते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली ‘डाली’ नावाचा चाचणीसंच काढला, तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. त्यात पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी शिक्षकांनी वापरायच्या वेगळ्या चाळण्या आहेत.

६. कायदा काय देतो आणि कुठे थांबतो

या बाबतीत महाराष्ट्र देशात पुढे होता. १९९६ पासून राज्याने दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती दिल्या: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी या मुलांचे निकाल तपासले, तेव्हा सवलतींनंतर गुण ठळकपणे वाढलेले दिसले. २००७ च्या डिसेंबरमध्ये ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घरोघरी पोहोचला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातल्या २१ दिव्यांगत्वांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि शाळांनी ती लवकरात लवकर ओळखून उपाय करावेत असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट घालता येणार नाही.

कागदावर हे चांगलं आहे. अडचण वेळेची आहे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्राचं किमान वय आठ वर्षं ठरवलं, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी ठेवली. निदान पक्कं व्हावं म्हणून ही सावधगिरी योग्य आहे. पण शाळा तिचा उलटा अर्थ घेते: प्रमाणपत्र नाही तर काही करायचं नाही. वाचनाचा पाया पाच ते आठ या वयात पडतो, म्हणजे मदतीचा सर्वात मोलाचा काळ प्रमाणपत्राच्या आधीच संपतो. त्यात कंत्राटी कामगाराच्या घरची अडचण वेगळी. तपासणीला तीन-चार खेपा पडतात, आणि प्रत्येक खेप म्हणजे एक खाडा. पगार कापला जातो, ठेकेदार तोंड वाकडं करतो. म्हणून सवलती मिळवणाऱ्यांत शिकलेल्या, इंग्रजी माध्यमातल्या घरांचा भरणा दिसतो आणि हे ‘श्रीमंतांचं दुखणं’ आहे असा समज होतो. अडचण सगळीकडे आहे. कागद मात्र ज्यांना सुट्टी परवडते त्यांच्याकडे आहे.

७. सवलत म्हणजे इतरांवर अन्याय?

हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्याचं उत्तर या पट्ट्यातल्या माणसाला त्याच्याच कामाच्या जागी सापडेल. कारखान्यात ‘पोका-योके’ हा शब्द नव्या ऑपरेटरलाही माहीत असतो. १९६१ साली शिगिओ शिंगो या जपानी अभियंत्यापुढे एक तक्रार आली: एका लहान स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या होत्या आणि कामगार मधूनच एक विसरत. त्यांना दम देऊन झाला होता, उपयोग झाला नव्हता. शिंगोंनी नवी पद्धत घातली: काम सुरू करायच्या आधी दोन्ही स्प्रिंगा एका बशीत काढून ठेवायच्या. स्विच तयार झाल्यावर बशीत एक उरली असेल तर चूक लगेच कळते. आज चाकणच्या लाइनवर पार्ट एकाच बाजूने बसेल अशी पिन फिक्स्चरला असते, वायरला वेगळा रंग असतो, एसओपीवर मजकुराच्या जोडीला चित्रं असतात. यात कुणी कामगाराला फुकटची सवलत दिली असं म्हणत नाही, आणि पार्टचा दर्जाही कमी होत नाही. माणूस जिथे अडखळतो तिथे पद्धत बदलायची, हा तिथला नियम आहे. शाळेत मात्र तोच माणूस मुलावर चिडतो.

परीक्षेतही आधी हेच विचारायचं: आपण मोजतोय काय? इतिहासाच्या पेपरात इतिहास मोजायचा असेल, तर अक्षर लिहिण्याचा वेग त्यात मिसळता कामा नये. जादा वेळेचा थोडा फायदा इतर मुलांनाही होतो, हे खरं आहे. पण त्यातून निष्पन्न एवढंच होतं की जिथे वेग मोजायचा नाही तिथे सगळ्यांनाच पुरेसा वेळ द्यावा. शुद्धलेखनाच्या पेपरात शुद्धलेखन मोजायचं तर तिथे सूट नको, हेही मान्य. दुसरा आक्षेप असा की नाव चिकटलं की मूल हातपाय गाळतं. पण निदान न झालेल्या मुलाला नाव नसतं असं थोडंच आहे? ‘ढ’, ‘आळशी’, ‘टवाळ’ ही नावं आधीच चिकटलेली असतात, आणि ती त्याच्या स्वभावालाच दोष देतात. निदान किमान कारण सांगतं आणि उपायाची दिशा देतं. तिसरा आक्षेप सर्वात वजनाचा: उद्या ड्रॉइंग वाचायचं आहे, सुरक्षेची पाटी वाचायची आहे, शाळेने सवलत दिली तरी जग देईल का? म्हणूनच सवलत ही शिकवण्याच्या बदली देता येत नाही. लेखनिक दिला म्हणून लिहायला शिकवणं थांबवलं, तर शाळेने मुलाला दुसऱ्यांदा फसवलं. दोन्ही सोबत चालायला हवं, आणि आयटीआयमध्ये लेथवर हात बसलेला पण लेखी पेपरात अडणारा मुलगाही यात धरायला हवा.

८. मग सोमवारपासून काय करायचं?

पालकांनी रोज पंधरा-वीस मिनिटं आवाजांचे तोंडी खेळ घ्यावेत, मग सुटी अक्षरं जुळवून छोटे शब्द बनवायला द्यावेत, रफार आणि जोडाक्षरं एकावेळी एकच घ्यावी. धडा मोठ्याने वाचून दाखवावा किंवा मोबाइलवर ऐकवावा, म्हणजे वाचन मागे पडलं तरी ज्ञान मागे पडत नाही. वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नये, असं शिक्षकांना सांगावं. शाळांनी दुसरीच्या दिवाळीपर्यंत प्रत्येक मुलाची वाचनाची चाळणी करावी आणि अडखळणाऱ्यांचा छोटा गट करून लगेच शिकवायला लागावं. प्रमाणपत्राचं काम त्याच्या जोडीने चालू द्यावं. महापालिकेच्या शाळांत हे जमलं तर पट्ट्यातल्या गरीब घरांना सर्वाधिक फायदा होईल. आणि कारखान्यांनी, ठेकेदारांसह, मुलाच्या तपासणीच्या दिवसाची भरपगारी रजा द्यावी. वर्षातून तीन-चार दिवसांचा हा खर्च आहे, आणि अनेक घरांत मुलाचं निदान तेवढ्यामुळेच राहून गेलेलं आहे.